पदव्युत्तर शिक्षणाचा विचार केव्हा सुरू व्हावा?

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले, की तालुक्यातालुक्यांच्या महाविद्यालयांत एक प्रश्न हमखास कानी पडतो : "आता पुढे काय?" प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारला जातो तोवर त्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. अनगर, कुरुल, पेनूर, नरखेड अशा गावांतून एस.टी.ने मोहोळला येऊन बी.एस्सी. झालेला एखादा विद्यार्थी प्रथम वर्गाचे गुणपत्रक हाती घेऊन चौकशीला निघतो, तेव्हा त्याला समजते, की आयआयटीतील एम.एस्सी.साठी असलेली 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीतच होऊन गेली आणि तिचे अर्ज त्याच्याही आधी, गतवर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, भरून घेतले गेले. केंद्रीय विद्यापीठांसाठीची 'सीयूईटी' ही सामाईक परीक्षा २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मार्चमध्येच सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा डिसेंबरात होते. म्हणजे गुणपत्रक हाती येण्यापूर्वीच ही सारी दारे बंद झालेली असतात. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निकालाआधीच या परीक्षांना बसू शकतो, ही गोष्ट त्याला निकालानंतर कळते!

या विद्यार्थ्याला बुद्धी कमी नव्हती, कष्टांतही तो उणा नव्हता. त्याला कमी पडली ती वेळेवर मिळालेली माहिती. ज्या घरात आईवडील, काका किंवा थोरली बहीण यांपैकी कोणी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहे, त्या घरातील मुलाला या तारखा जेवताना, बोलण्याच्या ओघात कळून जातात. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच, तेथे त्या कोणी सांगाव्यात? तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याने पुढील शिक्षणाची आखणी केव्हा सुरू करावी, हा प्रश्न वरवर वैयक्तिक सोयीचा दिसला, तरी वस्तुतः तो संधीच्या समानतेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते एकच आहे : आखणी पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू झाली पाहिजे, आणि ती सुरू करून देण्याची जबाबदारी महाविद्यालयाने उचलली पाहिजे.

विद्यापीठ जवळ आले, पण

एके काळी अडचण अंतराची होती. सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले ते १९४० साली. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाल्यानंतर सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरशी जोडली गेली आणि ती तशी चाळीसहून अधिक वर्षे राहिली. पदव्युत्तर शिक्षण म्हणजे पुण्याला किंवा कोल्हापूरला बिऱ्हाड, खाणावळ आणि घरच्यांच्या जिवाला घोर, असेच समीकरण अनेक घरांत होते. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे केगाव येथील आवार पुणे रस्त्यावरच असल्याने मोहोळहून निघालेल्या विद्यार्थ्याला ते सोलापूर शहराच्या अलीकडेच लागते. मोहोळवरून जाणारा हाच हमरस्ता एका बाजूस पुण्याला, तर दुसऱ्या बाजूस हैदराबादला पोहोचतो आणि या दोन्ही शहरांत नामांकित विद्यापीठे व संशोधनसंस्था आहेत.

अंतराची अडचण अशी बरीचशी ओसरली. तिच्या जागी कालमर्यादेची अडचण येऊन बसली आहे. पूर्वी निकालानंतर गुणपत्रक घेऊन विभागप्रमुखांना भेटावे, अर्ज द्यावा आणि जागा असल्यास प्रवेश घ्यावा, अशी रीत होती. अनेक अभ्यासक्रमांना ती आजही लागू आहे आणि त्यामुळेच सर्वत्र तसेच चालते, असा समज पसरलेला आहे. परंतु ज्या संस्थांत शिष्यवृत्ती, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पुढील संशोधनाची सोय चांगली, त्यांचे प्रवेश बव्हंशी परीक्षेने होतात. तेथे अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि ठरलेल्या घटकेला तो बंद होतो. संगणकाला विनंती करता येत नाही, की त्याला कोणाची ओळख सांगता येत नाही.

गणित पहिल्या सत्रापासूनचे

आखणी लवकर हवी याचे दुसरे कारण नव्या शैक्षणिक रचनेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची घेता येते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आली. म्हणजे तीतील पहिल्या तुकडीची सहा सत्रे २०२७ मध्ये पुरी होतात. तीन वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदवीसाठी दोन वर्षे, तर चार वर्षे करणाऱ्यास एक वर्ष, असा हिशेब आहे. चौथे वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' असे करावयाचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. शिवाय चार वर्षांच्या पदवीनंतर, एम.ए. वा एम.एस्सी. न करता, थेट पीएच.डी.कडे जाण्याची वाट आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी खुली केली. तिलाही ७५ टक्क्यांचीच अट आहे; मागास प्रवर्गांना तीत सवलत आहे.

या अटीचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. सहा सत्रांत पहिले सत्रही आले. सर्व सत्रांचे वजन सारखे धरले आणि पहिल्या दोन सत्रांत विद्यार्थ्याला ६० टक्केच मिळाले, तर सरासरी ७५ वर नेण्यासाठी उरलेल्या चारही सत्रांत त्याला सरासरी ८२.५ टक्के मिळवावे लागतील. "पहिले वर्ष जरा रुळण्यात जाते, पुढे पाहू," हे आपल्याकडचे नेहमीचे सांत्वन या हिशेबापुढे टिकत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, रोज एस.टी.च्या वेळापत्रकावर जगणारा मुलगा पहिल्या वर्षी मागे पडतो, हे आपण जाणतो. पण त्या मागे पडण्याची किंमत चौथ्या वर्षाच्या दाराशी मोजावी लागेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रवेशपरीक्षांचा अभ्यासक्रमही हेच दाखवितो. 'जॅम'मध्ये तीन तासांत साठ प्रश्न, शंभर गुण. ते प्रश्न कोणत्याही गूढ ज्ञानावर नसतात. पदवीच्या वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या भागावरच असतात. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत अनुक्रम आणि श्रेढी, कलन, विकलक समीकरणे, रेषीय बीजगणित, गटसिद्धान्त हे विषय येतात, आणि त्यांतील बराच भाग पहिल्या दोन वर्षांत शिकवून झालेला असतो. जो भाग पाठ करून परीक्षेत लिहिला आणि विसरून गेला, तो शेवटच्या वर्षी नव्याने शिकावा लागतो. जो समजून घेतला, त्याची केवळ उजळणी करावी लागते.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. 'जॅम'ची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. 'सीयूईटी' भाषाविषय वगळता इंग्रजीत आणि हिंदीत असते. महाराष्ट्राच्या 'सेट' परीक्षेपुरते मराठीला स्थान आहे. कला शाखेचा हुशार विद्यार्थी इतिहास किंवा राज्यशास्त्र मराठीतून उत्तम जाणतो. परंतु त्याच विषयावरचे इंग्रजी पुस्तक वाचण्याचा सराव त्याला नसतो. असा सराव तीन महिन्यांच्या शिकवणीने होत नाही. दररोज दोन पाने याप्रमाणे तीन वर्षे वाचली, तर मात्र तो निश्चित होतो.

मोहोळच्या शेतकऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. रब्बी ज्वारीच्या 'मालदांडी ३५-१' या वाणाची निवड मोहोळच्याच कृषी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात झाली आणि पुढे हा वाण दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात दूरवर पेरला गेला. ही ज्वारी पावसाळा सरत आल्यावर पेरली जाते व जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. ती ओल धरून ठेवण्यासाठी शेतकरी पावसाळाभर मोकळ्या रानात कुळवाच्या पाळ्या घालतो. पेरणीच्या आठवड्यात जागा होणाऱ्यास ती ओल कोठून मिळणार?

तीन वर्षांची तीन कामे

मात्र पहिल्या वर्षी आखणी सुरू करणे म्हणजे पहिल्याच वर्षी निर्णय घेणे, असा अर्थ कोणी काढू नये. अठरा वर्षांच्या मुलाला "तू कशात पीएच.डी. करणार?" असे विचारणे हास्यास्पद होईल. पहिल्या वर्षाचे काम तीन गोष्टींपुरते आहे : गुण राखणे, इंग्रजी वाचन सुरू करणे आणि आपल्या विषयातील पदवीधर पुढे कोठकोठे जातात याची माहिती करून घेणे. ही माहिती एका पानावर मावते. तेवढे एक पान विद्यार्थ्याच्या वहीत असले, तरी पुष्कळ झाले.

दुसरे वर्ष पारखण्याचे. आपल्याला हा विषय खरोखर आवडतो, की केवळ त्यात गुण पडतात, हे याच वर्षी अजमावून पाहता येते. त्यासाठी देशात चांगल्या सोयी आहेत. भारतातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन-छात्रवृत्ती देतात; तिचे अर्ज आदल्या वर्षाअखेरीस भरावे लागतात आणि विशेष म्हणजे ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही खुली आहे. गणितासाठी प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या उन्हाळी प्रशिक्षण शिबिरांचा पहिला स्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी योजला गेला. शेवटच्या वर्षी जागा होणाऱ्या विद्यार्थ्याला अशा संधी केवळ ऐकून माहीत होतात. शिफारसपत्राचेही तसेच आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गातील एकाला ऐन डिसेंबरात प्राध्यापक काय शिफारस देणार? निदान वर्ष-दीड वर्ष ज्याचे प्रश्न ऐकले, ज्याची वही पाहिली, त्याच्याविषयीच चार खरी वाक्ये लिहिता येतात.

तिसरे वर्ष कृतीचे. ऑगस्टपासून मार्चपर्यंत अर्ज, परीक्षा आणि कागदपत्रे यांचा सपाटा असतो. यांतील कागदपत्रांचा भाग किरकोळ समजला जातो, आणि तेथेच अनेकांची नाव फुटते. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्याजवळ राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र असते. केंद्रीय संस्थांना ते केंद्राच्या नमुन्यात आणि ठराविक तारखेनंतर दिलेले लागते. दोन नमुने वेगळे आहेत हे त्याला अर्जाच्या अखेरच्या दिवशी, सेतू केंद्राच्या रांगेत कळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या प्रमाणपत्राचीही मुदत असते. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र यांना किती हेलपाटे पडतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ही कामे उरकली, तर तिसऱ्या वर्षी मन अभ्यासाला मोकळे राहते.

काही आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कोवळ्या वयात मुलांच्या डोक्यावर हा भार कशाला? महाविद्यालयीन जीवनात वाचन, वक्तृत्व, नाटक, खेळ यांना जागा नको काय? जागा हवीच. पण भार पडतो तो अचानक कळण्याने. वेळेवर सांगितलेली गोष्ट तीन वर्षांवर विभागली जाते आणि तिचे ओझे वाटत नाही. शेवटच्या वर्षी घाबरून शिकवणी वर्गांची हजारो रुपयांची फी भरणाऱ्यांत ज्यांना आधी कोणी काही सांगितले नव्हते, त्यांचीच संख्या मोठी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येकाने एम.ए., एम.एस्सी. कशासाठी करावे? घरची तीन एकर जमीन, पावसाची शाश्वती नाही, धाकटी भावंडे शिकणारी. अशा घरातील मुलाने नोकरी पाहावी, स्पर्धापरीक्षा द्यावी, हेच बरे नव्हे काय? असा निर्णय कोणी समजून-उमजून घेतला, तर तो आदरणीयच आहे. परंतु आज पुष्कळांच्या बाबतीत तो निर्णय नसतो. दुसरी वाट माहीतच नसल्याने उरलेली ती वाट असते. शिवाय गरिबाला एक वर्ष वाया घालविणे परवडत नाही. मुदत हुकली म्हणून वर्षभर थांबणे हे सुखवस्तू घरातील मुलाला जमते. इतरांचे शिक्षण तेथेच संपते. 'नेट'मधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या छात्रवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. शिक्षण घेता घेता घराला हातभार लावणे यामुळे काहींना तरी शक्य होते. मात्र या साऱ्यांचे निकष आणि मुदती आधी कळावयास हव्यात.

मुलींच्या बाबतीत तर वेळेला आणखी एक अर्थ आहे. तिसऱ्या वर्षाची परीक्षा होण्यापूर्वीच अनेक घरांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. "मला पुढे शिकायचे आहे" एवढेच मोघम वाक्य त्या बोलण्यांपुढे टिकत नाही. अमुक संस्था, अमुक तारखेची परीक्षा, एवढी शिष्यवृत्ती आणि राहण्यास मुलींचे वसतिगृह, असे तिने दुसऱ्या वर्षीच वडिलांपुढे मांडले, तर त्या घरातील चर्चेचे स्वरूप बदलू शकते.

तिसरा आक्षेप, आयुष्य काही आखणीप्रमाणे चालत नाही. हेही खरे. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन पदव्युत्तर परीक्षेची तयारी करीत होते. १९३८ मध्ये चीनला जाणाऱ्या वैद्यकीय पथकाची हाक आली आणि ती तयारी बाजूला ठेवून ते गेले. १९४२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. मोठ्या कार्यासाठी आखणी मोडता येते, मोडावीही. परंतु असलेली योजना विचारपूर्वक सोडणे वेगळे आणि योजनाच नसल्यामुळे संधी हातची जाणे वेगळे. पहिल्यात माणसाची निवड असते, दुसऱ्यात ती नसते.

शिक्षकांचे काम

या संदर्भात एका शिक्षकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु बडोद्याशी त्यांचा संबंध त्याही आधी, पदवी मिळण्यापूर्वीच जुळला होता. इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शाळाशिक्षकांनी त्यांची सयाजीराव महाराजांशी भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांचे साहाय्य मिळाले. विद्यार्थ्याची बुद्धी आणि जिद्द असामान्य होतीच. पण दार कोठे आहे आणि ते केव्हा ठोठवावे, हे वेळेवर जाणणारा एक शिक्षक त्याच्या पाठीशी उभा होता.

आज संस्थानिक नाहीत आणि एकेका विद्यार्थ्यासाठी राजवाड्यापर्यंत जाण्याचीही जरूर नाही. गरज आहे ती फार साध्या व्यवस्थेची. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वर्षभराच्या प्रवेशपरीक्षांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा कायम लावलेल्या असाव्यात. प्रत्येक विभागात एका प्राध्यापकाकडे हे काम नेमून द्यावे आणि महिन्यातून एक तास त्यासाठी राखावा. ग्रंथालयात मागील प्रश्नपत्रिकांचा संच असावा. येथूनच शिकून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा बोलवावे. त्यांच्या तोंडची माहिती मुलांना अधिक खरी वाटते. कार्यालयातील लिपिकवर्गही यात फार मोठी मदत करू शकतो, कारण कोणता दाखला कोठे मिळतो आणि त्याला किती दिवस लागतात, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

याला मोठा निधी लागत नाही. 'नॅक'च्या मूल्यांकनासाठी किती विद्यार्थी पुढील शिक्षणास गेले, ही आकडेवारी प्रत्येक महाविद्यालय जमा करीतच असते. विद्यार्थी बाहेर पडल्यावर त्याला दूरध्वनी करून ती माहिती मिळविण्यात जेवढे श्रम खर्ची पडतात, तेवढेच त्याच्या पहिल्या वर्षी खर्च केले, तर आकडाही वाढेल आणि त्या आकड्यामागे काही घरांचे दिवस पालटलेले असतील.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना स्वागत-समारंभ होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, भाषणे होतात. त्याच आठवड्यात प्रथम वर्षाच्या प्रत्येक वर्गावर एखाद्या प्राध्यापकाने जावे आणि पुढील तीन वर्षांतील महत्त्वाच्या तारखा, ७५ टक्क्यांचा हिशेब व लागणारे दाखले फळ्यावर लिहून द्यावेत. वर्गातील सर्वच त्या वाटेने जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. पण जे जाणार नाहीत, ते निदान माहिती असून गेले नाहीत, असे तरी आपल्याला म्हणता येईल.